लोकेशन चालू ठेवलं की तीन वाजता फोन आडवा होतोय. काय करायचं?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. बियाणं-खतं विकणाऱ्या एका कंपनीत फिरतीचं काम आहे. सकाळी साडेआठला खानापुरातनं गाडी काढतो. जांबोटी, कणकुंबी, एखाद्या दिवशी पलीकडं चंदगड, आणि संध्याकाळी परत. कंपनीनं हजेरीचं अ‍ॅप दिलंय, त्याला लोकेशन दिवसभर चालू लागतं. निघताना १०० टक्के, तीन वाजता १५. परवा बैलूरजवळ फोन बंद पडला, तेव्हा एका शेतकऱ्याच्या घरात वायर लावून अर्धा तास बसलो. दोन चहा झाले, एक पोती बियाण्याची ऑर्डर झाली, ते सोडा. फोन ५००० एमएएचचा, अडीच वर्षांचा. पॉवर बँक आहे, खरं जून-जुलैत आमच्या पट्ट्यात गाडीवर वायर जोडून फोन ठेवणं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.
लोकेशन बंद न करता बॅटरी वाचवायचा काय मार्ग असेल तर सांगा.

कुंदा_किलोभर
लोकेशन बंद कर की. विषय संपला.

जांबोटी_रोड
शेवटची ओळ वाच की गा. बंद केलं की तिथनं पुढची गावं अ‍ॅपात दिसत नाहीत, आणि महिन्याच्या शेवटी तेवढ्या किलोमीटरचं पेट्रोल कापतात.

कुंदा_किलोभर
मग फोन बंद पडल्यावर दिसत्यात काय?

जांबोटी_रोड
नाही. तेच रडगाणं घेऊन आलोय इथं.

तात्या_अनगोळ
आधी एक गैरसमज काढू. जीपीएस चालू म्हणजे फोन उपग्रहाशी बोलतो, असं बरेच जण धरून चालतात. फोन एक अक्षर बोलत नाही, तो फक्त ऐकतो. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर, त्याची माहिती येते सेकंदाला ५० बिट. आमच्या जुन्या टेलिप्रिंटरच्या चालीनं. त्या उपग्रहाचा नेमका ठावठिकाणा ऐकून घ्यायला मोकळ्या आकाशाखालीसुद्धा अर्धा मिनिट जातो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक ऐकायचं तर साडेबारा मिनिटं. एवढा वेळ कोण थांबतो? म्हणून फोन ती माहिती इंटरनेटवरनं आधीच उतरवून घेतो. नेट नसेल तिथं फोनातली जीपीएसची चिप कान देऊन बसते, आणि तेवढा वेळ जास्त खाते.
खरं एकंदरीत ऐकण्याला आता फार वीज लागत नाही. वीज लागते ऐकल्यानंतरच्या उठाठेवीला. एक माणूस उशाशी रेडिओ लावून पडलाय. दुसरा दर मिनिटाला उठतो, बातमी वहीत लिहितो आणि पोस्टात टाकून येतो. दोघंही रेडिओच ऐकतायत, पण दमणार कोण? तुमचं हजेरीचं अ‍ॅप यातला कुठला माणूस आहे, ते बघायला हवं.
सेटिंग्जमध्ये बॅटरी, त्यात अ‍ॅपनुसार वापर. वरची पाच नावं इथं लिहा. नाडी न बघता मी पुडी देत नाही.

मांडेवाली
तात्या, पोस्टातला माणूस डोळ्यापुढं आला :)
माझा अनुभव सांगते. शहापुरात मांडे-पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते, सणासुदीला स्कूटरवरनं स्वतः पोचवते. मागच्या गणपतीत माझा फोनही असाच दुपारी मान टाकायचा. भाच्यानं फोन हातात घेतला आणि लोकेशनच्या पानावर ‘अ‍ॅप परवानग्या’ उघडल्या. ‘नेहमी परवानगी’खाली नऊ अ‍ॅपं! हवामानाचं, दोन खरेदीची, एक सोन्याच्या भिशीचं, आणि टॉर्चचं. टॉर्चला माझा पत्ता कशाला?

कुंदा_किलोभर
अंधार कुठं पडलाय बघायला.

मांडेवाली
बरोबर :D
नकाशा आणि एक-दोन सोडून सगळ्यांना ‘अ‍ॅप वापरताना फक्त’ केलं. टॉर्च काढूनच टाकलं, फोनचा स्वतःचा असतोच. बिघडलं एवढंच, की हवामानाचा चौकोन दोन दिवस पुण्यावर अडकला. बाहेर धो धो पाऊस आणि फोनवर पुण्याचं ऊन. शहर हातानं टाकल्यावर तेही मिटलं.

निपाणी_एक्सप्रेस
तात्यांचा मान ठेवून बोलतो, मला पटलं नाही. मी टॅक्सी चालवतो. निपाणी, बेळगाव, कोल्हापूर. नकाशा लावला की फोन चार्जिंगला असूनही टक्के उतरतात. चिप खात नाही तर कोण खातंय?

तात्या_अनगोळ
फोन कुठं अडकवता? काचेजवळ? उन्हात दिसावं म्हणून पडदा पूर्ण उजेडावर, नकाशा क्षणाक्षणाला नव्यानं काढायचा, वरनं ऊन, खालनं चार्जिंगची गरमी. फोन तापला की तो स्वतःहून चार्ज कमी घेतो. गाडीतली यूएसबीची खोबण बहुतेक गाण्यांसाठी असते, तिच्यातनं येणारी वीज पडद्यालाच पुरत नाही. चांगला कार चार्जर घ्या, फोन एसीच्या झरोक्याजवळ अडकवा, आणि आवाजावर चाला. पडदा बंद असला तरी नकाशा बोलतो.

चोर्ल्याचा_पाऊस
मला वेगळाच प्रश्न पडलाय. निपाणी ते बेळगाव नकाशा कशाला? हायवे एकच आहे, मध्ये वळलात तर संकेश्वर लागेल.

निपाणी_एक्सप्रेस
पॅसेंजरला दाखवायला लागतोय हो. नकाशा नसला की मागनं विचारतात, ‘रस्ता माहीत आहे ना?’ वीस वर्षं गाडी चालवतोय.

चोर्ल्याचा_पाऊस
:) बरं, आता मुद्द्यावर. सगळे लोकेशनच्या मागं लागलाय, खरं चोर शेजारच्या घरात आहे.
मी कणकुंबीचा, नोकरी बेळगावात. हा वाद घरातपण झाला, म्हणून दोन रविवार खर्चून बघितलं. तोच फोन, तोच रस्ता. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाच्या तोंडापर्यंत आणि परत. दोन्ही दिवस वाट नोंदवणारं अ‍ॅप चालू, पडदा बंद, फोन खिशात. पहिल्या रविवारी नेहमीसारखा नेला, ३४ टक्के गेले. दुसऱ्या रविवारी विमान मोड लावला, ११ टक्के गेले. आणि वाट दोन्ही दिवशी अखंड उमटली. विमान मोडमध्ये जीपीएस चालतं हे कितीतरी लोकांना माहीत नाही. तात्या म्हणाले तसं ते फक्त ऐकणंच आहे, ऐकायला विमानातही बंदी नाही.
मग ते २३ टक्के कुणी खाल्ले? टॉवरनं. टॉवर लांब असला की फोनला ओरडून बोलावं लागतं. टॉवर नसलाच तर हुडकत बसावं लागतं. जांबोटी सोडली की झाडी आणि डोंगर, फोन निम्मा वेळ हुडकण्यातच. त्यात आपला भाग सीमेवरचा. मोबाईल कंपन्यांच्या हद्दी, म्हणजे सर्कल, कर्नाटकचं वेगळं, ‘महाराष्ट्र आणि गोवा’ वेगळं. शिनोळीला गेलं की स्वागताचा मेसेज, दोन किलोमीटर मागं आलं की परत स्वागत. चोर्ल्याला तर तिन्ही राज्यं खिशाशी झोंबतात.

कुंदा_किलोभर
म्हणजे फोनलापण सीमाप्रश्न.

शेत_गुंठा
१९५६ पासनं माणसांचा सुटंना, फोनचा कोण सोडवणार?

निपाणी_एक्सप्रेस
माझ्या फोनवर रोमिंग लिहून आलं की मला बरं वाटतं, चार मिनिटं महाराष्ट्रात जाऊन आल्यासारखं.

संपादक_मंडळ
बॅटरीवर बोला. सीमाप्रश्नावर आधीच चार धागे आहेत आणि चारही कुलूपबंद आहेत.

जांबोटी_रोड
चोर्ल्याचा_पाऊस, तुमचं पटलं, खरं विमान मोड लावला तर दुकानदाराचा फोन कसा घेऊ? आणि साहेबाचा?

चोर्ल्याचा_पाऊस
दिवसभर नको लावू. जिथं रेंज नाहीच हे तुला माहीत आहे, तेवढ्या पट्ट्यात लाव. तिथं तसाही फोन लागत नाही. तुझं अ‍ॅप नेट नसताना लोकेशन साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर पाठवतं, की नाही, तेवढं आधी विचारून घे. नाहीतर साहेब म्हणायचा, हा दोन तास गायब.
आणि एक. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जी असेल तर ४जी करून बघ. खेड्यात ५जीची एखादी काडी येते नि जाते, फोन तिच्या मागं पळतो.

बेंगळूर_रिटर्न
४जीचं अनुमोदन. दुसरं, नेटवर्क हातानं निवडता येतं. म्हणजे फोन दर वळणावर शेजारच्या सर्कलकडं जात नाही. पण हद्द ओलांडल्यावर परत ‘आपोआप’ करायला विसरलात तर रेंज शून्य. मी विसरलो होतो. चंदगडात तीन तास फोन नव्हता, बायकोनं माझ्या तीन मित्रांना फोन लावले.
अँड्रॉइडवाल्यांनी आणखी एक करावं. लोकेशन सेवांच्या पानावर वाय-फाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग अशी दोन बटणं असतात. वरनं वाय-फाय बंद केलं तरी हे स्कॅनिंग चालूच राहतं, आजूबाजूचे राउटर बघून जागा ओळखायला. बेळगाव शहरात उपयोगी, कणकुंबीच्या जंगलात कुणाचा राउटर सापडणार? बंद करून टाका. फार मोठी बचत नाही, पण फुकटची आहे.
अ‍ॅपांना ‘फक्त वापरताना’ ही परवानगी अँड्रॉइड १० पासून आहे, म्हणजे २०१९. अचूक जागा द्यायची की अंदाजे, ही निवड आयफोनवर २०२० ला आली, अँड्रॉइडवर २०२१ ला, १२ व्या आवृत्तीत. हवामानाला ‘अंदाजे’ पुरतं. पाऊस वडगावात पडतोय की खासबागेत, एवढं बारीक कोणालाच सांगता येत नाही. त्याच १२ व्या आवृत्तीपासून प्रायव्हसी डॅशबोर्ड नावाचं पान आहे, गेल्या २४ तासांत लोकेशन कुणी कधी घेतलं त्याची नोंद दिसते. एकदा बघाच, झोप उडते.

आक्का_वडगाव
मला यातलं निम्मं कळलं. माझा मुलगा पुण्याला असतो. त्यानं माझ्या फोनवर असं काहीतरी करून ठेवलंय की मी कुठं आहे ते त्याला नकाशावर दिसतं. मी मंगाई देवळात गेले तरी दिसते. त्यानंपण बॅटरी जाते का? माझा फोन संध्याकाळी भजनाच्या वेळेला नेमका बंद असतो.

मांडेवाली
जाते आक्का, थोडी जाते. त्यानं बहुधा ‘बंद करेपर्यंत’ असं लावलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटं, १ तास, ८ तास अशी मुदत निवडता येते. बाहेर पडताना तुम्हीच एक तासाचं पाठवत जा. घरात बसल्यावर त्याला काय बघायचंय?

आक्का_वडगाव
घरात आहे हेच बघायचं असतं त्याला. बरं, बघते एक तासाचं.

शेत_गुंठा
थोडं विषयांतर करतो. फोनवर शेत मोजायचं अ‍ॅप येतंय बघा, बांधावरनं चालत जायचं आणि क्षेत्र निघतं. आमच्यात अवंदा ऊस तोडणीला त्यावरनं भांडण लागलं. माझ्या फोनवर ३८ गुंठे, थोरल्याच्या फोनवर ४१. दोघंही मोबाईल दाखवूलालोय एकमेकाला. बॅटरी संपेपर्यंत तीनदा फिरलो.

तात्या_अनगोळ
मोकळ्या आकाशाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरपर्यंत इकडं-तिकडं होऊ शकते. झाडाखाली, घराच्या भिंतीला लागून त्याहून जास्त. आणि गुंठा केवढा? ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दहा मीटरचा चौकोन. त्या मापात पाच मीटरची चूक म्हणजे काय, हिशेब करा. फोननं शेताचा अंदाज घ्यावा, भावाशी वाटणी करू नये. साखळी किंवा मोजणीदार बोलवा.

शेत_गुंठा
बोलवला. ३९.

कुंदा_किलोभर
दोघंही हरलात.

निपाणी_एक्सप्रेस
कुणी बॅटरी वाचवायचं अ‍ॅप वापरतंय काय? पडद्यावर झाडू येतो, ‘१७ अ‍ॅप्स बंद केली’ म्हणतो.

बेंगळूर_रिटर्न
काढून टाका. त्यानं बंद केलेली अ‍ॅपं मिनिटाभरात परत उठतात, आणि उठायला जास्त वीज खातात. शिवाय तो झाडूच लोकेशन मागतो. फोनमध्ये आहे तो बॅटरी सेव्हर पुरे. पण हजेरीवाल्यांनी जपून. काही फोनवर सेव्हर लावला की पडदा बंद झाल्यावर लोकेशनही थांबतं.

चोर्ल्याचा_पाऊस
फोन अडीच वर्षांचा आहे हे कुणी धरलंच नाही. बॅटरी म्हातारी होते की. जुन्या आयफोनांसाठी, १४ पर्यंतच्या, कंपनी स्वतःच सांगते की ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहते. रोज एक चार्ज धरला तर अडीच वर्षांत नऊशेच्या वर झाले. प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळी, तरी ५००० लिहिलेल्यात आता ५००० नाहीत हे नक्की.

बेंगळूर_रिटर्न
आपल्याकडं बॅटरी वाचवणं म्हणजे नुसती काटकसर नाही. डिसेंबर २०२४ ची बातमी आठवते? गोव्याला निघालेलं बिहारचं कुटुंब नकाशाच्या भरवशावर हेम्मडग्याच्या बाजूनं भीमगडच्या जंगलात शिरलं. रेंज नाही, अंधार. रात्र गाडीत काढली आणि रेंज मिळेपर्यंत चालत जाऊन ११२ ला फोन केला, तेव्हा पोलीस पोचले. त्या वेळेला फोनमध्ये चार्ज नसता तर? खानापूरच्या पलीकडं जाणार असाल तर नकाशाचा तो तुकडा घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून ठेवा. नेट लागत नाही, बॅटरीही वाचते. आणि १५ टक्क्यांच्या खाली नकाशा बंद करून माणसाला रस्ता विचारा.

चोर्ल्याचा_पाऊस
हेम्मडग्याच्या रस्त्याला रात्री माणूस भेटला तर त्याचीच भीती वाटायची :) पण नकाशाचं बरोबर आहे.

जांबोटी_रोड
आठवडा झाला, हिशेब द्यायला आलोय. तात्यांनी पाच नावं मागितली होती. पहिल्या नंबरला मोबाईल नेटवर्क. चोर्ल्याचा_पाऊस, तुम्ही जिंकलात. दुसऱ्या नंबरला… सांगायला लाज वाटते, क्रिकेटचे छोटे छोटे तुकडे बघायचं अ‍ॅप. एक तास चाळीस मिनिटं. दुपारी डबा खाताना बघतो, एवढा वेळ होत असेल असं वाटलं नव्हतं. तिसरा पडदा, तो अर्धा त्याच अ‍ॅपाचा. हजेरीचं अ‍ॅप चौथं.

कुंदा_किलोभर
आणि कंपनीला शिव्या घातलास आठवडाभर.

जांबोटी_रोड
घातल्या, त्या परत घेत नाही. चौथं असलं तरी खातंयच की.
केलं काय ते सांगतो. अकरा अ‍ॅपांची ‘नेहमी’ परवानगी काढली. दोन्ही स्कॅनिंग बंद. ५जी सोडून ४जी. हजेरीच्या अ‍ॅपाला ‘अंदाजे’ जागा देऊन बघितली, तर लाल अक्षरांत दम दिला आणि उघडायचंच बंद झालं. म्हणून ते परत अचूक. कार्यालयात विचारलं. नेट नसताना साठवून ठेवतं म्हणाले, म्हणून जांबोटी ते कणकुंबी विमान मोड. पहिल्याच दिवशी साहेबाचा निरोप, ‘दीड तास कुठं होतास?’ संध्याकाळी रेंज आल्यावर सगळी वाट उमटली तेव्हा गप्प बसला. दर पाच मिनिटाला पाठवायच्या जागी पंधरा मिनिटं करता येतील काय असं विचारलंय. ‘वर विचारतो’ म्हणाले. वर म्हणजे कुठं ते कळलं नाही.
काल साडेपाचला खानापुरात शिरलो तेव्हा ३१ टक्के होते. क्रिकेट मात्र बघितलं नव्हतं.

तात्या_अनगोळ
छान. पोस्टातल्या माणसाला पंधरा मिनिटांनी उठवलंत तर आणखी फरक पडेल. अर्ज लेखी द्या.

निपाणी_एक्सप्रेस
माझंपण सांगतो. एसीच्या झरोक्याजवळ अडकवला, चार्जर बदलला. आता टक्के चढतात. तात्या, तुमचं बरोबर होतं. पॅसेंजर मात्र म्हणतो एसी मागं येत नाही.

शेत_गुंठा
हा विमान मोड ऊस मोजताना चालतोय काय?

चोर्ल्याचा_पाऊस
चालतोय. थोरल्याचा फोनपण येणार नाही मध्ये.

आक्का_वडगाव
मांडेवाली, तुझं ऐकून एक तासाचं लावलं. बॅटरी राहते आता भजनापर्यंत. खरं तास संपला की मुलाचा लगेच फोन येतो, ‘आई, दिसेनाशी झालीस.’ मग मी कुठं आहे ते सांगते, जेवले का ते सांगते, अर्धा तास जातो. त्यात बॅटरी जाते ती कुठल्या सेटिंगमध्ये दिसेल?